काळी नसलेली काळी पेटी
विमानाच्या नोंदयंत्रास चुकीचे नाव कसे पडले?

विमानास अपघात झाल्याची वार्ता वर्तमानपत्रात आली की तिच्या पाठोपाठ दोन-तीन दिवसांत दुसरी एक वार्ता हमखास येते. 'विमानाची काळी पेटी सापडली' किंवा 'काळ्या पेटीचा शोध जारी' असे तिचे शीर्षक असते. इंग्रजी पत्रे तिला 'ब्लॅक बॉक्स' म्हणतात आणि आपली मराठी-हिंदी पत्रे त्याचेच शब्दशः भाषांतर करतात. आमच्या शाहपुरास विमानतळ नाही. तथापि आपल्या अनेक कुटुंबांतील मुलेमुली आता शिक्षणाच्या वा नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने इंदूरहून किंवा मुंबईहून विमानाने ये-जा करतात. त्यामुळे ज्या वार्ता पूर्वी दूरदेशीच्या वाटत, त्या आता घरच्या झाल्या आहेत, आणि त्यांतील शब्दांचा नेमका अर्थ जाणून घेणे हे केवळ कुतूहलाचे काम राहिलेले नाही.

काळी पेटी म्हटले की आमच्या व्यापारी वाचकांच्या मनात प्रथम भलताच विचार येण्याचा संभव आहे. बाजारात 'काळा' या विशेषणास जो अर्थ चिकटला आहे तो सर्वांस ठाऊकच आहे. परंतु विमानातील ही पेटी त्या अर्थाने तर नाहीच, पण रंगानेही काळी नाही. ती झगझगीत नारिंगी असते. शिवाय ती एक नसून बहुधा दोन असतात. आणि तिसरी गोष्ट अशी की, अपघाताचे रहस्य तीत तयार स्वरूपात दडलेले असते ही समजूतही बरोबर नाही. म्हणजे एका नावात तीन चुका झाल्या. पहिल्या दोन चुकांनी कोणाचे फारसे बिघडत नाही. तिसरीने मात्र बिघडते, आणि म्हणूनच हा विषय आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

पेटीत असते तरी काय?

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. मोठ्या प्रवासी विमानात दोन नोंदयंत्रे असतात. पहिले उड्डाणाच्या आकड्यांची नोंद करते. विमान किती उंचीवर आहे, वेग किती, तोंड कोणत्या दिशेस, इंजिने किती जोर देत आहेत, पंखांचे व शेपटाचे हलते भाग कोणत्या स्थितीत आहेत, हे सर्व ते क्षणोक्षणी लिहीत असते. आरंभीच्या यंत्रांत उंची, वेग, दिशा, धक्का व वेळ अशा पाचच बाबी असत, आणि त्या धातूच्या पातळ पत्र्यावर सुईने ओरखडून उमटविल्या जात. पुढे चुंबकीय फीत आली, आणि आज संगणकातील स्मृतिचकत्यांवर हजाराहून अधिक बाबींची नोंद होते.

दुसरे यंत्र आवाजाची नोंद करते. वैमानिकांचे परस्परांतील बोलणे, नियंत्रण कक्षाशी झालेला संवाद, धोक्याच्या घंटा, इंजिनाचा सूर, एखादी कळ दाबल्याचा खटका हे सर्व त्यात उमटते. जुन्या फितीवर शेवटची ३० मिनिटे राहत. नंतर ही मर्यादा २ तासांवर गेली, आणि अलीकडे बांधल्या जाणाऱ्या मोठ्या विमानांसाठी २५ तासांचा नियम झाला आहे. जुने पुसत जाऊन त्यावर नवे लिहिले जाते, त्यामुळे अपघातापूर्वीचा काळ तेवढा हाती लागतो.

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगावयाचे तर पहिले यंत्र हा विमानाचा रोजमेळ होय. दुसरे म्हणजे पेढीवर बसल्या-बसल्या झालेली बोलणी. रोजमेळात रक्कम कळते, पण ती का दिली-घेतली हे पुष्कळदा बोलण्यावरूनच उमगते. दोहोंचा मेळ घातल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.

ही यंत्रे बहुधा विमानाच्या शेपटाकडील भागात बसवितात, कारण आघाताचा पहिला जोर नाकाकडील भागावर येतो. नोंद ज्यात साठते त्या कोशास स्वतःच्या वजनाच्या ३,४०० पट आघात सोसता आला पाहिजे, ११०० अंश सेल्सिअसच्या आगीत एक तास टिकता आले पाहिजे, आणि समुद्रात ६,००० मीटर खोलीवरील दाबही सहन करता आला पाहिजे, अशी कसोटी असते. पाण्यात पडताच पेटीस जोडलेले लहान यंत्र सेकंदास सुमारे एक या गतीने ध्वनिस्पंद सोडू लागते. तो ध्वनी ३७.५ किलोहर्ट्झचा, म्हणजे मनुष्याच्या कानास ऐकू न येणारा असतो. शोधनौकेवरील उपकरणे तो टिपतात. पूर्वी हे यंत्र ३० दिवस चाले, आता ९० दिवस चालणारी यंत्रे बसवितात.

रंग नारिंगी का, याचे उत्तर आता वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. जळक्या, काळवंडलेल्या अवशेषांच्या ढिगात, गवतात किंवा समुद्रतळाच्या गाळात काळी वस्तू शोधू म्हटले तर ती डोळ्यांपुढे असूनही दिसावयाची नाही. म्हणून भडक रंग, त्यावर प्रकाश परतविणारे पट्टे, आणि इंग्रजी व फ्रेंच भाषांत 'उड्डाण-नोंदयंत्र. उघडू नये' अशी ठळक अक्षरे. जी वस्तू सापडावी म्हणून इतका खटाटोप केला, तिलाच जगाने काळी म्हणावे, हा मोठाच विनोद झाला!

यंत्राचा जन्म

नाव कोठून आले हे समजण्यास यंत्राची जन्मकथा थोडी पाहावी लागते, आणि त्या कथेचा एक धागा आपल्या देशातून गेलेला आहे. १९५२ च्या मे महिन्यात ब्रिटिशांचे 'कॉमेट' हे जेट विमान प्रवाशांच्या सेवेत आले. जगातील हे पहिले जेट प्रवासी विमान. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून दिल्लीकडे निघालेले एक कॉमेट काही मिनिटांतच वादळी हवेत मोडून पडले आणि त्यातील सर्वच्या सर्व ४३ माणसे मृत्यू पावली. पुढे १९५४ च्या जानेवारीत व एप्रिलमध्ये आणखी दोन कॉमेट इटलीजवळच्या समुद्रात कोसळली. विमान नवे, यंत्रज्ञ निष्णात, आणि तरीही कारण कळेना. सांगावयास कोणी उरलेच नव्हते. पुष्कळ परिश्रमांनंतर धातूस वारंवारच्या दाबाने येणारा थकवा हे त्या इटलीजवळच्या अपघातांचे कारण ठरले.

याच काळात ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी, तेथील सरकारी वैमानिकी प्रयोगशाळेत, डेव्हिड वॉरन नावाचे रसायनशास्त्रज्ञ काम करीत होते. इंधन हा त्यांचा विषय. कॉमेटच्या अपघातांविषयीच्या चर्चेत त्यांस सहभागी व्हावे लागले, आणि त्या वेळी त्यांच्या मनात विचार आला की, विमानात बसलेल्यांचे शेवटचे बोलणे जर कोठे उमटून राहिले असते तर केवढे काम झाले असते! एका प्रदर्शनात त्यांनी खिशात मावेल एवढे जर्मन बनावटीचे ध्वनिमुद्रण यंत्र पाहिले होते. तसे यंत्र विमानात ठेवावयाचे, आणि ते अपघातातून वाचेल असे करावयाचे, ही ती कल्पना. वॉरन यांच्यापुरता हा प्रश्न पुस्तकी नव्हता. १९३४ साली, ते नऊ वर्षांचे असताना, त्यांचे वडील ज्या विमानाने बास सामुद्रधुनीवरून निघाले होते ते विमान नाहीसे झाले. त्याचे काय झाले, हे कधीच निश्चित कळले नाही.

१९५४ साली वॉरन यांनी आपली कल्पना लिहून काढली आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांत नमुनाही बनविला. त्यात पोलादी तारेवर चार तासांचे बोलणे व काही उपकरणांचे आकडे उमटत. पण स्वदेशी त्यास कोणी विचारीना. वैमानिकांच्या संघटनेस तर हा आपल्यावर ठेवलेला हेरच वाटला. १९५८ साली एका ब्रिटिश अधिकाऱ्याने प्रयोगशाळेस भेट दिली, त्याच्या ध्यानी या वस्तूचे महत्त्व आले आणि वॉरन यांस इंग्लंडला बोलावणे झाले. तेथे एका कंपनीने हे यंत्र बाजारात आणले. त्याच्या कवचाचा आकार व रंग पाहून त्यास 'लाल अंडे' असे नाव पडले होते. म्हणजे जन्मतःच ते काळे नव्हते, आणि पेटीही नव्हते!

ऑस्ट्रेलियाचे डोळे उघडण्यास मात्र १० जून १९६० हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी क्वीन्सलँडमधील मकाय येथे एक विमान समुद्रात कोसळून २९ माणसे दगावली. चौकशीत कारण सापडेना, तेव्हा न्यायाधीशांनी अशी नोंदयंत्रे विमानांत बसवावीत अशी शिफारस केली, आणि ध्वनिमुद्रक सक्तीचे करणाऱ्या देशांत ऑस्ट्रेलिया अग्रणी ठरला.

न्यायाच्या दृष्टीने हेही नमूद केले पाहिजे की वॉरन हे या क्षेत्रातील एकटेच नव्हते. फ्रान्समध्ये हुसेनो नामक अभियंत्याने १९३९ च्या सुमारास छायाचित्राच्या फितीवर उड्डाणाचे आकडे टिपणारे यंत्र बनविले होते, आणि अमेरिकेतही १९५० च्या दशकात आकड्यांची नोंद करणारी यंत्रे तयार होऊन वापरात आली. बोलणे व आकडे एकत्र राखण्याची कल्पना पुढे रेटण्याचे श्रेय मात्र वॉरन यांचे.

मग 'काळी' हे नाव आले कोठून?

याविषयी निरनिराळ्या कथा आहेत. त्या आम्ही एकेक करून तपासू.

सर्वांत लोकप्रिय कथा अशी की, अपघातानंतर पेटी आगीत जळून काळी पडते म्हणून ती काळी पेटी. ऐकावयास ही व्युत्पत्ती सुटसुटीत आहे, पण टिकत नाही. कारण 'ब्लॅक बॉक्स' हा शब्द विमानाच्या नोंदयंत्रास लागण्यापूर्वीच विमानविद्येच्या बोलीत रूढ झालेला होता. जळाल्यावर नाव पडले असे म्हणावयाचे तर जळण्यापूर्वीच ते नाव कसे आले?

दुसरी कथा फ्रान्सची. हुसेनो यांच्या यंत्रात छायाचित्राची फीत असल्यामुळे आत प्रकाशाचा किरणही जाऊन चालत नसे. पेटीचे अंतरंग पूर्ण अंधारे, म्हणून ती काळी. ही उपपत्ती अशक्य म्हणता येणार नाही, परंतु इंग्रजी भाषेतील नाव तिच्यावरून आले असे मानण्यास पुरेसा आधार दिसत नाही.

तिसरी कथा वॉरन यांच्याच यंत्राची. १९५८ साली इंग्लंडमध्ये यंत्राचे प्रात्यक्षिक झाल्यावर एका पत्रकाराने त्यास 'अद्भुत काळी पेटी' म्हटले, असे सांगितले जाते. हे खरे मानले तरी प्रश्न उरतोच : समोरचे यंत्र काळे नसता त्या पत्रकाराच्या तोंडी नेमका हाच शब्द का आला?

त्याचे उत्तर चौथ्या कथेत मिळते, आणि तीच आम्हांस सर्वांत ग्राह्य वाटते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांत रडार व दिशादर्शनाची नवनवी विद्युत-उपकरणे बसविण्यात आली. ती अत्यंत गोपनीय असत, आणि विमानात ती बंद पेट्यांच्या रूपाने येत. पेटीच्या आत काय आहे हे वैमानिकास ठाऊक नसे, ठाऊक असण्याची आवश्यकताही नसे. कळ फिरवावी आणि समोर उत्तर वाचावे, एवढेच त्याचे काम. अशा पेट्यांस सैनिकांच्या बोलीत 'ब्लॅक बॉक्स' म्हणत. पुढे विद्युत-अभियंत्यांनीही हा शब्द उचलला. ज्या यंत्रात काय घातले आणि त्यातून काय निघाले एवढेच कळते, मधला व्यवहार कळत नाही, ते यंत्र म्हणजे त्यांच्या भाषेत काळी पेटी. येथे 'काळा' याचा अर्थ रंग नव्हे. 'आत काय चालले आहे ते न दिसणारा', एवढाच.

तेव्हा १९५० च्या दशकात विमानात बसविलेल्या कोणत्याही बंद विद्युत-यंत्रास 'ब्लॅक बॉक्स' म्हणण्याची सवय होतीच. नोंदयंत्र आले, तेही त्याच नावाखाली मोडले. पुढे इतर यंत्रांस त्यांची स्वतःची नावे मिळाली आणि ती जुनी संज्ञा हळूहळू गळून पडली. पण अपघाताच्या बातम्यांमुळे ज्या एकाच पेटीचा सामान्य वाचकाशी संबंध आला, तिला मात्र ते नाव कायमचे चिकटले. १९६० च्या दशकात नियमांनी तिला भडक रंग दिला, तोवर नाव छापून-छापून पक्के झाले होते. वस्तूचा रंग नियमाने बदलता येतो; नावाचा रंग बदलणे कोणाच्याही हाती नसते.

यात इंग्रजी भाषेस हसण्याचेही कारण नाही. आपल्या दौतीत काय असते? शाई. हा शब्द फारसी 'सियाही' वरून आला असून त्याचा मूळ अर्थ 'काळेपणा'. तरीही आपण बेधडक 'निळी शाई' आणि 'लाल शाई' म्हणतो, म्हणजे निळा काळेपणा आणि लाल काळेपणा! तेलाचीही तीच गत. 'तेल' हा शब्द तिळापासून निघाला; तिळाचे ते तैल. पण आपल्या बाजारात शेंगदाण्याचे तेल, सरकीचे तेल विकले जाते, आणि हे तीळ नव्हेत अशी तक्रार एकाही गिऱ्हाइकाने केल्याचे ऐकिवात नाही. नाव हे वस्तूच्या पहिल्या अवस्थेचे स्मारक असते. वस्तू पुढे जाते, नाव मागे राहते.

मुंबईशी निगडित दोन पेट्या

आता पेटीच्या तिसऱ्या, म्हणजे खरोखरीच दिशाभूल करणाऱ्या अर्थाकडे वळू. त्यासाठी मुंबईशी संबंध असलेल्या दोन दुःखद घटना आठवणे आवश्यक आहे.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ विमान मुंबईहून दुबईस निघाले. उड्डाणानंतर दोन मिनिटेही झाली नव्हती तोच ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ३ किलोमीटर अंतरावर समुद्रात कोसळले. आतील २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. नववर्षाचा पहिला दिवस, नुकतेच उडालेले विमान. घातपाताचा संशय येणे स्वाभाविकच होते. समुद्रातून दोन्ही नोंदयंत्रे वर काढण्यात आली. आकड्यांवरून दिसले की विमान डावीकडे कलत गेले आणि तो कल सावरला गेला नाही, उलट वाढविला गेला. अनुभवी कप्तान असे का करील, हे मात्र आकडे सांगू शकत नव्हते. त्याचे उत्तर आवाजाच्या नोंदीत मिळाले. विमान सरळ आहे की कललेले, हे दाखविणारे कप्तानापुढील उपकरण बिघडले होते, आणि त्याविषयीचे वैमानिकांचे घाईचे बोलणे फितीवर उमटले होते. बाहेर काळोख, खाली समुद्र. डोळ्यांस क्षितिज नाही, आणि उपकरण खोटे बोलत आहे. न्यायालयीन चौकशीने कप्तानास विमानाच्या स्थितीचे भान राहिले नव्हते असा निष्कर्ष काढला. एकट्या आकड्यांवरून कप्तान अविचारी ठरला असता. एकट्या बोलण्यावरून विमान कोणत्या बाजूस कलले हेही कळले नसते. दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या तेव्हा मेळ बसला.

दुसरी घटना 'सम्राट कनिष्क' या विमानाची. २३ जून १९८५ रोजी कॅनडाहून लंडनमार्गे भारताकडे येणारे हे विमान आयर्लंडजवळ अटलांटिक महासागरावर आकाशातच फुटले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. समुद्र तेथे सुमारे दोन किलोमीटर खोल. तरीही ध्वनिस्पंदांच्या आधारे, दूरनियंत्रित पाणबुड्या यंत्राने १० व ११ जुलै रोजी दोन्ही नोंदयंत्रे वर काढण्यात आली. ती मुंबईस आणली गेली आणि त्यांच्या अभ्यासात तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी भाग घेतला. सारे जग उत्तराची वाट पाहत होते. पेटीने काय सांगितले? सर्व काही सुरळीत चालले असता एकाएकी एक आवाज, आणि त्यानंतर क्षणार्धात नोंद बंद. त्या क्षणभराच्या आवाजाचा अर्थ काय, याविषयी देशोदेशींच्या तज्ज्ञांत मतभेद झाले. बाँबस्फोट हा निष्कर्ष न्यायमूर्ती किरपाल यांच्या चौकशीने काढला तो केवळ फितीवरून नव्हे. समुद्रतळावरील अवशेष, सामानाची नोंद आणि त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर दुसऱ्या विमानासाठीच्या सामानात झालेला स्फोट, असे अनेक दुवे जोडून.

या दोन उदाहरणांवरून ध्यानी येते की पेटी साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. ती सत्य बोलते, पण संपूर्ण सत्य बोलेलच असे नाही. आणि येथेच 'काळी पेटी' हे नाव आपणांस फसविते. या नावामुळे मनात चित्र उभे राहते ते एका रहस्यमय बंद मंजूषेचे : झाकण उघडले की अपराध्याचे नाव बाहेर पडावे!

अहमदाबादची शिकवण

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान उड्डाणानंतर अर्ध्या मिनिटाच्या सुमारास वसतिगृहाच्या इमारतीवर कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ असे २६० जण प्राणास मुकले. विमानातील केवळ एक प्रवासी वाचला. अहमदाबादशी व्यापाराचे व नात्यागोत्याचे संबंध असलेल्या आपल्या समाजास त्या दिवसांची आठवण वेगळ्याने करून देण्याचे कारण नाही.

या विमानात पुढे एक व मागे एक अशी दोन नोंदयंत्रे होती, आणि दोन्ही आकडे व आवाज यांची नोंद करणारी होती. मागील यंत्र १३ जून रोजी इमारतीच्या छपरावर सापडले, पुढील १६ जून रोजी अवशेषांत. मागील यंत्राची इतकी हानी झाली होती की नेहमीच्या पद्धतीने त्यातील नोंद काढता आली नाही. म्हणजे न मोडणारी पेटीही मोडू शकते. पुढील यंत्रातील नोंद दिल्ली येथील प्रयोगशाळेत काढण्यात आली. ४९ तासांचे आकडे व २ तासांचा आवाज हाती लागला.

१२ जुलै रोजी प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानुसार, उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांच्या इंधनाच्या कळा एका सेकंदाच्या अंतराने 'बंद' स्थितीत गेल्या. एका वैमानिकाने दुसऱ्यास 'इंधन का बंद केले' असे विचारले, आणि दुसऱ्याने 'मी केले नाही' असे उत्तर दिले, असेही आवाजाच्या नोंदीत असल्याचे अहवालात म्हटले होते. कोणता आवाज कोणाचा, हे त्यात सांगितले नव्हते. कळ कोणाच्या हाताने वा कशाने हलली, हेही नव्हते. पेटीने कळेची स्थिती नोंदविली, शब्द नोंदविले. हात नोंदविला नाही, हेतू तर नाहीच नाही.

परंतु लोकांस तेवढा धीर कोठला? देशोदेशीच्या पत्रांत आणि हातोहातीच्या संदेशांत दोन-चार दिवसांत निकाल लागून गेला. दोघे वैमानिक मरण पावले होते; बाजू मांडावयास ते येऊ शकत नव्हते. शेवटी मुंबईच्या त्या कप्तानाच्या नव्वदी ओलांडलेल्या पित्यास सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्या वृद्ध पित्यास धीर दिला आणि वैमानिकावर कोणी दोष ठेवू शकत नाही असे बोलून दाखविले.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा नियम याबाबत स्पष्ट आहे. अपघाताच्या अशा चौकशीचा हेतू पुढील अपघात टाळणे हा असून दोष वा उत्तरदायित्व ठरविणे हा नाही. पेटीचा जन्मही त्याच हेतूने झाला. कलकत्त्याजवळ, इटलीजवळ, मकायला जे गेले त्यांचे जाणे पुढच्यांच्या उपयोगी पडावे, एवढीच त्यामागील इच्छा.

व्यापाऱ्यास यातून काय घ्यावयाचे?

आपल्या व्यवसायात वहीस जे स्थान आहे ते आम्ही वाचकांस सांगावे असे नाही. दिवाळीस आपण तिचे पूजन करतो. वही खरी का मानली जाते? ती रोजच्या रोज लिहिली जाते म्हणून. वाद उद्भवल्यावर लिहिलेल्या वहीस बाजारात कवडीचीही किंमत नाही. वाद होईल हे ठाऊक नसताना, ज्या दिवशीचा व्यवहार त्या दिवशी, जसा घडला तसा लिहिला, यातच तिचे बळ आहे. विमानातील नारिंगी पेटीचे बळही तेच. लाखो उड्डाणे सुखरूप उतरतात, आणि त्या साऱ्यांची नोंद कोणी न वाचताच पुसली जाते. तरी ती इमानेइतबारे लिहिली जाते.

पण अनुभवी मुनीम हेही जाणतो की वहीतील एका ओळीवरून कोणास चोर ठरविता येत नाही. ओळ पाहावी, पावती पाहावी, समोरच्याची वही मागवावी, ज्याने व्यवहार केला त्यास विचारावे, आणि तो हयात नसेल तर अधिकच जपून बोलावे. केळीच्या गाडीत वजन कमी भरले म्हणून हमालास लगेच दोष देणारा आणि काटा तपासून पाहणारा, या दोन व्यापाऱ्यांत जो भेद आहे तोच अपघाताची बातमी वाचणाऱ्या दोन वाचकांत असतो.

डेव्हिड वॉरन २०१० साली वयाच्या ८५ व्या वर्षी वारले. त्यांच्या शवपेटीवर 'उड्डाण-नोंदयंत्राचा जनक. उघडू नये' अशी अक्षरे लिहिली होती. त्यांनी आयुष्यभर ज्या पेटीचा पाठपुरावा केला तिचे चुकीचे नाव त्यांच्या हयातीत बदलले नाही, आणि ते पुढेही बदलेल असे आम्हांस वाटत नाही. लाल शाईप्रमाणे काळी पेटीही भाषेत सुखेनैव नांदेल, आणि त्यात वाईट काहीच नाही. मात्र पुढे कधी तशी बातमी घरी वाचली गेली आणि मुलांनी विचारले की काळी पेटी म्हणजे काय, तर वडीलधाऱ्यांनी त्यांस एवढे अवश्य सांगावे : ती नारिंगी असते, बहुधा एक नसून दोन असतात, आणि ती कोणाचा अपराध सांगावयास नव्हे, तर पुढच्या प्रवाशाचा प्राण वाचावा म्हणून विमानात बसविलेली असते.